सोललेली इमारत

१२ जानेवारी

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांनी तरुणपणी आखलेल्या वाचनालयाचं नवं रूप करायचं काम माझ्या ऑफिसकडे आलंय. त्यांचे खांब, तुळया संचालकांनी लगेच बाहेरून फरशा लावून झाकल्या होत्या. चांगल्या पोरीला गोधडीत गुंडाळलं म्हणून बाबा जन्मभर कुरकुरले, तुला पाठच आहे. आता फरशा उतरवणार. खांब मोकळे, आणि भिंतींऐवजी भाजक्या मातीच्या पट्ट्या, त्याही फक्त खांबांच्या मधल्या जागेत. बाबा सगळं विसरायच्या आत त्यांना ती इमारत त्यांच्या नकाशातल्यासारखी दिसू दे. दुसरं काही नको मला.

तू त्यांना जेवताना टीव्ही लावून देतोस, अशी तुझ्या बायकोची चुगली आहे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. खुलले, आणि मग मी कोण असं विचारलं. सकाळी बरे असतात, चहानंतर गोंधळतात. काल माझ्या बायकोला ऑफिसातली टायपिस्ट समजून पत्र सांगत बसले. तिनंही मुकाट लिहून घेतलं.

घाई कर. पण काम पुरं झाल्याशिवाय त्यांना बोलावू नकोस, एवढं धाकट्याचं ऐक. माया पातळ करू नये.

तुझा ठोंब्या

६ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

फरशा उतरल्या, जुन्या भिंती-खिडक्याही काढल्या. रविवारी बाबांना घेऊन ये. पट्ट्या लागायला अजून कितीतरी महिने, आणि तोवर बाबांचं काय होईल ते लिहवत नाही. शिवाय इमारत आत्ता दिसतेय तशी पुन्हा दिसायची नाही. नुसता सांगाडा, आरपार ऊन. तुझ्यासारख्या बँकवाल्याला कळायचं नाही, बाबांना कळेल. आढेवेढे घेऊ नकोस. भेटीत सगळं बोलूच.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न.

बाबा फुटपाथवर बसून रडले ते तू पाहिलंसच. भिंती नाहीत, खिडक्या नाहीत, खाली राडारोडा. पाडतायत असंच वाटलं त्यांना. तू खांबाला हात लावून समजावत होतीस, तेव्हा ते माझ्या कानात विचारत होते की पाडणारी ही बाई कोण. तिथे तुला सांगायची हिंमत झाली नाही.

बाकी सगळं विसरतात, हे मात्र विसरत नाहीत. उठले की विचारतात, किती उरलीय. तुला बोल लावत नाही. गाडी मीच काढली होती. जेवत जा.

तुझा ठोंब्या

१५ मार्च

चि. ठोंब्यास,

तू नको म्हणाला होतास. साइटवर पाय टाकवत नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालंय. बाबांना आयुष्यात एकच गोष्ट द्यायची होती, तीच हातानं मातीत घातली. तरी पुरी करते. फोटो पाठवीन, ते दाखव त्यांना. चूक पोटात घाल.

ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. सुंदर झालीय, मलासुद्धा कळलं. बाबांना सकाळीच, चहाच्या आधी दाखवले. बराच वेळ खांबांवरून बोट फिरवत होते. तुळया जिथं हव्यात तिथं आहेत म्हणाले, करणाऱ्याला अक्कल आहे म्हणाले. मी म्हटलं, ही तुमचीच. तर हसले. फोटो नीट जुळवून माझ्या हातात परत दिले आणि सांगितलं, की त्यांचीही हुबेहूब अशीच एक होती, एका बाईनं पाडली.

इतक्यात येऊ नकोस. माझ्यावरचा लोभ मात्र तोडू नकोस.

तुझा ठोंब्या