पिल्लांच्या पाण्यातलं औषध

४ मार्च
काडीचं वजन पुन्हा घटलं! चार वर्षांची झाली, पण नावाला जागते माझी लेक. कान फुटला म्हणून अँटिबायोटिक दिलं — कान बरा, पोट बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधानं वाईट जंतू मेले, तसे पोटातले चांगलेही गेले. ते परत भरायचे." प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्यात. "वजन वाढलं नाही तर दाखल करावं लागेल." तिच्यासमोर कशाला बोलायचं हे! सुईच्या नावानंच थरथरते पोरगी.

५ मार्च
आमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांची नवी पिल्लं आली. पाण्यात अँटिबायोटिक घातलं — मरतुक कमी होते, पिल्लं अंगही धरतात. काडी मागे मागे. मी नेहमीसारखी ओरडले, "प्या गं बायांनो, भराभर मोठ्या व्हा!" खुदकन हसली. किती दिवसांनी!

सासूबाई म्हणतात, "हिलाही पाजा दोन थेंब, गुटगुटीत होईल." ही काय चेष्टा झाली?

११ मार्च
काडीचं वजन तीनशे ग्रॅम वाढलं! सासूबाई म्हणतात, "माझ्या हाताचा गुण." असू दे बाई.

१४ मार्च
पुन्हा जुलाब. तोंडात पांढरा थर. डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ पाहिली, मग माझ्याकडे. "घरी दुसरं अँटिबायोटिक चालू आहे का?"
"छे!"
"नुसता काटा वर गेला म्हणजे पोर सुधारली असं नाही हो."
येताना वाटेत सासूबाईंचे ते दोन थेंब आठवले.

१५ मार्च
बोलले. नको नको ते बोलले. "माझ्या लेकीला कोंबडी समजलात?" सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "माझी नात आहे ती." एवढंच. नवरा मधे पडला, त्यालाही सोडलं नाही. संध्याकाळी त्या नणंदेकडे निघून गेल्या. गेल्या तर गेल्या!

पिल्लं शिंकतायत, औषध अजून चालूच आहे. पण बाटली आता कुलपात. मीच काढते, मीच पाण्यात घालते.

१७ मार्च
जुलाब थांबेनात. आता कोण पाजतंय हिला?

नणंदेचा फोन — "वहिनी, आई जेवत नाही गं." मी फोन ठेवून दिला.

१८ मार्च
काडी घरात दिसेना म्हणून शेडमध्ये गेले. पिल्लांच्या घोळक्यात पालथी पडली होती, तोंड त्यांच्या पाण्याच्या भांड्यात. मला पाहून धडपडून उठली. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"आई, मी भराभर मोठी होतेय. आता दाखल नाही ना करणार?"