दोन नर आणि एक अंडं

प्रिय दादा,

फोनवर तू बोलत राहिलास आणि मी नुसतं हं हं करत राहिले, म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर माझी बोबडी वळते. कागदावर तेवढी वळत नाही. तुझा मुलगा इथे सुखरूप आहे. खातो भरपूर, अंघोळीला तासभर लावतो. आपल्याला मुलगेच आवडतात असं त्याने घरात सांगून टाकलं आणि तू त्याला माझ्याकडे धाडलंस. मी पक्ष्यांतच वावरते, तेव्हा निसर्गात असलं काही नसतं हे मीच त्याच्या गळी उतरवायचं, असं तुझं म्हणणं. तर त्याचं काय झालं ते ऐक.

आमच्या केंद्रात गिधाडं वाढवतात हे तू चारचौघांत सांगत नाहीस, नुसतं 'पक्षी' म्हणतोस. पण दिसायला ओंगळ असला तरी हा जीव मोठा संसारी. जोडी जमली की जमली. वर्षाला एकच अंडं, आणि त्यावर दोघं आळीपाळीने बसणार. नर कुठला, मादी कुठली, हे नुसतं बघून आम्हालाही कळत नाही, रक्त तपासावं लागतं. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातल्या एका जोडीला आम्ही शेटजी-शेटाणी म्हणायचो. एकमेकांच्या मानेची पिसं साफ करणं काय, काटक्या आणून घरटं रचणं काय, सगळं यथासांग चालायचं. फक्त अंडं होईना. आम्ही खाणं बदललं, आडोसा बदलला. शेवटी रक्त तपासलं, तर शेटाणीही शेटजीच निघाली. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. त्यांना पिल्लं हवी होती. त्यांनी दोघांना वेगळं करून एकेक मादी सोबतीला दिली. दोघांनीही तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मधल्या जाळीला अंग लावून, एक इकडून आणि एक तिकडून, बसून राहायचे. मग खाणंच टाकलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना पुन्हा एकत्र सोडलं.

या हंगामात एका नवख्या मादीने अंडं घातलं आणि वाऱ्यावर सोडलं. ते शेटजींना देऊन बघू, असं मीच सुचवलं. डॉक्टरांनी आधी प्लास्टरचं खोटं अंडं ठेवायला लावलं. दोघं त्यावर असे बसले की जन्मभर हेच करत आले असावेत. मग खरं ठेवलं. तुझा मुलगा आला त्याच दिवशी सकाळी अंड्याला चीर गेली. समजावायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर नेऊन बसवलं.

दादा, काय सांगू तुला. ओलं, आंधळं वाटावं असं एवढंसं पिल्लू. आणि ज्या चोचीने बैलाचं कातडं फाटतं, त्या चोचीच्या टोकाने तो दांडगा नर पोटातलं मऊ झालेलं अन्न त्याला भरवत होता. दुसरा पंख पसरून ऊन अडवत होता. हे त्यांना कुणी शिकवलं? माझ्या अंगावर काटा आला, लिहिताना आताही येतोय. तुझ्या मुलाने डॉक्टरांना विचारलं, की अशा जोड्यांना स्वतःचं पिल्लू होत नाही, तर लाखो वर्षांत हे पुसलं कसं गेलं नाही?

"तर्क पुष्कळ आहेत," ते म्हणाले, "नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण कितीतरी जातींत दिसतं. आणि टिकलंय."

घरी येऊन आम्ही हे सांगितलं, तर गणिताच्या बाई, ज्या माझ्याबरोबर राहतात, त्यांनी आमची हवाच काढली. गिधाडं मेलेलं खातात म्हणून आपणही खायचं का, म्हणाल्या. पक्ष्यांच्या परवानगीने माणूस बरोबर ठरत नाही, आणि परवानगी नसली म्हणून चूकही ठरत नाही. त्यांचं बोलणं नेहमीसारखं बिनतोड. पण मला त्या पिंजऱ्यात परवानगी दिसली नव्हती. काहीतरी फार जुनं, माणसाच्याही आधीचं दिसलं होतं, आणि ते मला ओळखीचं वाटलं होतं.

दादा, मी त्याला काहीही समजावलेलं नाही, समजावणारही नाही. भाडं वाटून घ्यायला ठेवलेल्या म्हणून तू बाईंना ओळखतोस. आमचा संसार आहे. तू माझी लग्नगाठ कुणाकुणाशी बांधायला धडपडत होतास, तेव्हाही होता. तुझ्या मुलाच्या हे दोन दिवसांत लक्षात आलं. तो त्यांनाही आत्याच म्हणायला लागला आहे आणि आम्ही दोघी एकदमच ओ देतो. रविवारी तू त्याला न्यायला येशील. तो जसा आहे तसा न्यायचा असेल तरच ने, नाहीतर इथे त्याला जागा आहे. दार बाई उघडतील, मी मुद्दामच मागे थांबणार आहे. त्यांना काय म्हणून हाक मारायची, ते तू येता येता ठरव.

तुझीच,
ठमी