तुझ्या हातचा पाव

प्रिय फिओरेन्झा,

तुझ्या लुचिल्लाचा तोरीनोहून फोन आला होता. तुझं घर बघायला येत्या गुरुवारी गिऱ्हाईक येणार आहे आणि किल्ली माझ्याकडे असल्यामुळे दार मीच उघडून द्यायचं आहे. आईला आपल्याजवळच ठेवून इथलं घर विकायचं, असं मुलीने काळजीपोटी ठरवलंय, त्यात शेजाऱ्याने नाक खुपसू नये, एवढं मला कळतं. घर झाडून ठेवलंय, लिंबाच्या कुंडीला पाणी घालतोय. तो विषय संपला. आता ईस्टरच्या सोमवारच्या आपल्या दरवर्षीच्या सहलीची हकीकत ऐक. एर्सिलिया सांगेल ती तिखटमीठ लावून सांगेल, आणि मीठ तिने यंदा आधीच फार वापरलंय.

दुइलियो मास्तरांनी यंदाही डोंगरापलीकडचं ते पडकं रोमन गाव काढलं. शाळेतून निवृत्त झाले तरी यांचा इतिहासाचा तास काही सुटलेला नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या सुरू. हा रस्ता कुठे जायचा, या दगडांवर चाकांचे चरे कसे पडले. एर्सिलिया नेहमीसारखी मागून म्हणत होती, की मास्तर, ते दोन हजार वर्षं थांबलेत, जेवणं होईपर्यंतही थांबतील. तुझ्याशिवाय निघालो ही आमची पहिलीच खेप होती, पण तुझं नाव कुणी काढलं नाही. शहाण्यासारखं वागायचं असं तिघांनीही आपापलं ठरवलं होतं.

जुन्या स्नानगृहाच्या भिंतीआड मी घडीचं टेबल मांडलं. मोठ्या ऐटीत टोपलीतून काढला तो दरवर्षी तू आणतेस तसा चीजचा पाव. तू नाहीस म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटू नये, यासाठी आदल्या दिवशी गुपचूप भाजला होता. मी मान वर करून बघतो तर एर्सिलियाच्या हातातही पाव. आणि मास्तरांच्या पिशवीतून तिसरा. सलामी, उकडलेली अंडी, आर्टिचोक, यातलं काही नाही. वाइनची बाटली मास्तर पाव भाजण्याच्या नादात घरीच विसरलेले. बाकीचं कुणीही आणेल, तुझा पाव तेवढा आपण आणावा, असं प्रत्येकाला वाटलेलं.

मग जे जुंपलं! मास्तरांचा पाव सुरीला दाद देईना. एर्सिलिया म्हणाली, भिंतीत बसवून टाका, पुढचे मास्तर त्यावरही तास घेतील. तिचा पाव खाऊन मास्तरांनी पाणी मागितलं. माझा मधे कच्चा होता, पण वरून काय देखणा! या भांडणात राखणदार नझारेनो फाटकावरून हाका मारत होता, त्या ऐकायला कुणाला सवड होती? सणाच्या दिवशी त्याला सासूकडे जेवायला पोचायचं असतं. आत कुणी नाही असं समजून त्याने कुलूप लावलं आणि गेला.

अडकलो, आणि थेंबभर वाइन नाही. फोनवर नझारेनो म्हणाला, येतो, पण सासूचं कोकरू ताटात आहे. त्याच्या जागी आपण असतो तरी उठलो नसतो. मग तिघं तिन्ही पाव चघळत बसलो. मास्तर कधी नव्हे ते एकाही दगडाबद्दल बोलले नाहीत. एर्सिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मिठावर ढकललं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उबाल्दो, तू तिला विचारणार तरी कधी? आपणही इथलेच दगड झाल्यावर?"

उत्तर देणार तेवढ्यात नझारेनो आला, सासूकडून कोकराचं ताट आणि वाइन घेऊन. फाटकात तुझ्या हातच्या पावाचा तुकडा घ्यायची त्याची जुनी सवय. यंदा मी माझा दिला. त्याने एक घास घेतला, थांबला, आणि फार काळजीने विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

तेव्हापासून झोप नाही, फिओरेन्झा. आपल्याकडे म्हणतातच, नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर मनात असेल त्याच्याबरोबर. मला प्रत्येक ईस्टर तुझ्याबरोबर हवा, आणि मधले सगळे दिवसही. तुझ्या माझ्या घरात एकच भिंत आहे. लग्न झाल्यावर भिंतीच्या कुठल्या बाजूला राहायचं ते तू ठरव, पण त्यासाठी दोन्ही बाजू आपल्याच असायला हव्यात. टपालाची वाट बघायला वेळ नाही, म्हणून हे पत्र उद्या तोरीनोला निघालेल्या एर्सिलियाच्या भाच्याकडे देतोय. तू नाही म्हणालीस तर गुरुवारी मी मुकाट्याने दार उघडीन. हो म्हणालीस, तर किल्ली हरवली म्हणून सांगीन. माझ्या वयाकडे बघून कुणालाही पटेल.

तुझाच, भिंतीपलीकडचा,
उबाल्दो