तिसऱ्या चुलीतली टरफलं

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

इकडे ठीक आहे. आईचा गुडघा आता बराच वाकतो. काल कठडा धरून एकटीच जिना उतरली. मी सध्या घरीच असते, डोळ्यांना जरा विश्रांती.

तुझा लेख पोचला. आईने छापलेल्या तुझ्या नावावरून दोनदा बोट फिरवलं आणि मासिक माझ्या टेबलावर ठेवलं. अभिनंदन.

वाचताना आपल्या उत्खननातली डोंगरातली ती कपार आठवली. तू तिसरी चूल खरवडत होतीस, मी राख पाण्यात घालून चाळत होते. आधी जवाचे जळके दाणे आले. मग त्याच राखेतून रानअक्रोडाची टरफलं, रानबकरीची हाडं. "पेरतही होते आणि शिकारही करत होते! काहीच सोडलं नव्हतं गं यांनी!" असं ओरडून तू मला चिखलात मिठी मारलीस.

लेखात मात्र फक्त जव आहेत. 'डोंगरातले पहिले शेतकरी.' मला वाटलं, जागेअभावी बाकीचं गाळलं असेल. मग शेवटच्या पानावरची बारीक टीप दिसली: 'टरफलं व हाडं वरच्या, नंतरच्या काळातल्या थरातली, नमुने हाताळताना सहायिकेकडून सरमिसळ झाली.'

सहायिका म्हणजे मी.

मी उत्खननाच्या नमुन्यांच्या भांडारात गेले. नोंदवहीतलं तिसऱ्या चुलीचं पान नव्याने लिहिलेलं होतं. भांडारपाल बिचारा गोरामोरा झाला. "बाईंनीच बदलायला सांगितलं. मला वाटलं, तुम्हा बहिणींचं ठरलंय."

तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? "ते निव्वळ शेतकरी होते, माझं सगळं या एका मांडणीवर उभं आहे. तुझं काय जातंय? तुला कुठे नाव कमवायचंय?"

काय जातंय ते सांगते. दोन उत्खननांतून मला कळवलं, यंदा गरज नाही. कारण कुणी दिलं नाही, मीही विचारलं नाही. माझे डोळे ठणठणीत आहेत, ताई. आईला काहीतरी सांगायला हवं होतं. बावीस वर्षांत मी नमुन्याची एक पुडी इकडची तिकडे केली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आता माझंही ऐक. त्या चुलीतल्या नमुन्याची एक पुडी माझ्याकडे राहिली होती. वर थराचा क्रमांक, तारीख आणि आपल्या दोघींच्या सह्या. त्यातलं एक टरफल आणि एक दाणा मी वय काढायला दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तुला न सांगता. दोन्ही एकाच काळातली निघाली.

निकाल आणि पुडीचा फोटो आज सकाळी मासिकाच्या संपादकांकडे गेला. पाकीट मी स्वतः पेटीत टाकलं.

तू फोन करशील. मी उचलेन. फक्त आईला मधे घालू नकोस; तिला अजून काही माहीत नाही, आणि ते तिला तूच सांगायचंस.

अजून तरी तुझीच,
धाकटी