माझे पाय हलतात

४ तारीख
आले एकदाची दवाखान्यात! खाट खिडकीशी मिळाली, गादी तर अशी की घरी न्यावीशी वाटली. नातीने वही दिली, आजी, रोज लिही म्हणाली. मी चौथी नापास, पण बोलायला लागले की थांबते थोडीच! उद्या छाती उघडून काळजाची झडप बदलणार. भूल देणारा डॉक्टर अगदी नातवाएवढा. म्हणाला, आजी, पाठीत बारीक नळी बसवतो, तिच्यातून औषध जात राहील, दुखणार नाही. मात्र पाय हलेनासे झाले तर लगेच सांगायचं. आत रक्त साकळून शिरा दाबल्या गेल्या आणि उशीर झाला, तर पाय कायमचे जातात. मी म्हटलं, लेकरा, हे पाय तीन मुलांमागे धावलेत, ते कुठे जातायत!

७ तारीख
छाती शिवली, तरी दुखणं म्हणून नाही! शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणबाईंना पाठीत नळी नाही. खोकला आला की उशी कवटाळून रडतात. मी म्हटलं, टाक्यांना घाबरणारी शिंपीण पहिल्यांदाच बघतेय! सगळे हसले. सिस्टर पाय हलवा म्हणते, मी नाचवून दाखवते. लघवीची नळी आज काढली, पाठीतली आहे अजून.

८ तारीख
लिहू की नको. अंथरूण ओलं झालं. मला कळलंच नाही. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिच्यासमोर कसं सांगू? त्यात काल ज्यांना हसले त्या शिंपीणबाई बघतायत. सुनेची पाठ वळली तशी मी कपभर चहा मांडीवर ओतला. सांडला म्हटलं. ती धावली, आई, भाजलं का? म्हटलं, नाही गं, कोमट होता.
कोमट नव्हता. वाफा येत होत्या.

८ तारीख, संध्याकाळ
मांडीवर लिंबाएवढा फोड आलाय. बोट लावलं. जशी काही दुसऱ्याच कुणाची मांडी. सिस्टर आली, पाय हलवा म्हणाली. मी चादरीखालून हाताने गुडघा उचलला. शाब्बास म्हणाली.
सांगायला हवं होतं. पण मग चहाचंही सांगावं लागेल. आणि ओल्याचंही.

९ तारीख
अंथरुणात दोन पाय आहेत. गार. माझे नाहीत.
मुलगा आला, त्यातल्या एकावर बसला. मला दिसलं म्हणून कळलं. कशी आहेस विचारलं. म्हटलं, मजेत.
शिंपीणबाई कुजबुजल्या, आजी, हाताने का उचलता? मी तोंड फिरवलं. मेल्याहून —

९, पुन्हा
वर चढतंय. पोटावर हात ठेवला — हाताखाली पोट नाही —

१० तारीख
बोटांत पेन राहत नाही. गुडघा उचलत नाही.
सांगते. हसले तर हसू देत. सिस्टर येतेय — आवाज फुटत नाही — शिंपीणबाई झोपल्यात —
लांबूनच म्हणाली, या आजींना काय विचारायचं, या तर नाचतात —
पुढे चालली — अहो, माझे पा