दारीगावात आधी कोण होतं

४ मार्च

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. पास. लिहिण्यात काठावर, पण पास. दुसऱ्या खेपेला का होईना. एजन्सीवाल्याने तीन गावांची यादी पाठवली आणि दुपारपर्यंत दोन भरलीसुद्धा. उरलं डॅरिगन. पश्चिम ऑस्ट्रेलिया, समुद्रापासून खूप आत, गव्हाचं गाव, वृद्धाश्रमात नर्स हवी. "तिकडे कोणी जायला मागत नाही मॅडम, म्हणून तर चान्स आहे." ठीक. मी मागते.

एकोणीस वर्षं वॉर्डात काढली. म्हाताऱ्या माणसांची मला भीती नाही.

५ मार्च

सुनीलला डबा भरताना सांगितलं. नवऱ्याला सांगायची ही जागा नव्हे, पण आचोळ्याच्या या दोन खोल्यांत दुसरी कुठली आहे? तो चप्पल घालता घालता थांबला. "आणि मी तिथे काय करू? गहू मोजू?" कुरिअरच्या ऑफिसात बारा वर्षं पार्सलं मोजतोय, म्हणून तसं म्हणाला असेल. मी हसले. तो नाही हसला.

लेक ऋचा एकदम खूश. नववीची परीक्षा तोंडावर, पण ती नकाशा उघडून बसली.

८ मार्च, रविवार

आगाशीला माहेरी, आबांकडे. वाडीत सुकेळी घातलेली, सोललेली केळी मांडवावर उन्हात ओळीने. आबा शहात्तर वर्षांचे, पण एकेक केळं स्वतः उलटवतात. आई गेल्यापासून एकटेच आहेत. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं.

"गाव कुठलं म्हनालीस?"

"डॅरिगन."

"दारीगाव. बरं. पानी कुठून येतं तिथं?"

माहीत नव्हतं. माती कसली? माहीत नाही. पाऊस कधी? नाही.

"मग तुला माहीत काय आहे, मने?"

ड्युटीचे तास सांगितले. लाज वाटली.

"ज्या गावचं पानी माहीत नाय तिथं पोरगी देत नसतात. आचोळ्याला दिली तेव्हापन विचारलेलं मी. नळ आहे म्हनाले. निघाला टँकर." आणि पुन्हा केळी उलटवायला लागले.

बसमध्ये राग राग आला. मी बेचाळीस वर्षांची आहे, मला कोणी 'देत' नाहीये. पण प्रश्न बरोबर होता. मुलाखतीला महिना आहे. गाव पाठ करून जाणार.

११ मार्च

ऋचाने वरून घेतलेला फोटो दाखवला. पिवळे-करडे चौकोन, पट्टीने आखल्यासारखे. मधून एक रस्ता, एक रेल्वेरूळ, धान्याची उंच गोल कोठारं. गाव म्हणजे चार गल्ल्या. आणि जागोजाग पांढरे डाग. ऋचा म्हणाली बर्फ. मी म्हटलं ढग.

पाणी सापडलं! लांबच्या धरणातून नळाने येतं, कित्येक गावं ओलांडून. नदी आहे ती नकाशातच, बारा महिने वाहत नाही.

१५ मार्च, रविवार

आबांना सांगितलं. "म्हनजे आपल्यासारखंच. आपल्यालापन धरनाचंच पाजतात आता." पाऊस थंडीत पडतो हे त्यांना पटेना. थंडीत पाऊस म्हणजे आंब्याचा मोहोर गेला. मी म्हटलं तिथे आंबा नाही, गहू आहे, त्याला तोच लागतो. आणि वर्षभराचा मिळून आपल्या एका जुलैइतकाही नाही. आबा म्हणाले, "एवढ्याशा पावसावर गहू काढतात? मानसं चिकट दिसतात."

पांढरे डाग मोबाइलवर दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. एका क्षणात म्हणाले, "मीठ."

"कशावरून?"

"जमीन मेली की अशीच दिसते. खाडीकडच्या शेतांचं बघ."

२१ मार्च

मीठच आहे. दोन संध्याकाळी वाचत बसले. तिथे आधी दाट झाडं होती, खोल मुळांची. गव्हासाठी सगळी तोडली. मुळं पाणी पिईनाशी झाली, जमिनीखालचं पाणी वर चढलं आणि जुनं मीठ घेऊन आलं. सखल भागात आता काही उगवत नाही.

सु. चहा पिता पिता ऐकत होता. म्हणाला, "मुलाखत नर्सची आहे ना? तलाठ्याची नाही?"

पण ऐकत होता.

२२ मार्च

आबांना मिठाचं सांगितलं. वाडीतल्या विहिरीकडे घेऊन गेले मला. या विहिरीचं पाणी मी लहानपणी ओंजळीने प्यायले, आता ते तोंडात धरवत नाही. "आमी पंप लावून उपसलं, खालून समुद्र शिरला. त्यांनी झाडं तोडली, खालून मीठ वर आलं. करनी वेगळी, चव एकच." मग विचारलं, म्हाताऱ्यांचं घर गावात उंचावर आहे की सखलात. उतार मला फोटोत कळत नाही. ऋचा शोधून देणार.

निघताना आणखी एक प्रश्न. "दारीगावात आधी कोन होतं?"

"आधी म्हणजे?"

"गहूवाल्यांच्या आधी. रिकामी जमीन कुठं नसते."

२८ मार्च

गावाच्या वेबसाइटवर 'इतिहास' म्हणून एक पान आहे. पहिली चार कुटुंबं बैलगाड्यांनी आली. रेल्वे आली. सभागृह बांधलं. मुलं युद्धावर गेली, त्यांची नावं दगडावर. मोठे दुष्काळ. मग शाळेचे वरचे वर्ग बंद झाले, बँक बंद झाली, तरुण शहरात गेले. आता म्हातारे उरले. म्हणून मी.

आधी कोण होतं त्याबद्दल एक ओळ: डॅरिगन हा शब्द 'मूळ रहिवाशांच्या भाषेतला असावा'.

असावा! ज्यांनी नाव दिलं त्यांनाच विचारलं नाही?

५ एप्रिल

सु.शी भांडण. मी गेले तर पहिले सहा महिने एकटी, मग हे दोघं येऊ शकतात. तो म्हणाला, "तू आबांना विचारून विचारून गावाचा नकाशा पाठ केलास. मला एकदा तरी विचारलंस, येणार का म्हणून?"

खरं आहे. नाही विचारलं. नाही म्हणेल ही भीती होती.

मग आजच विचारलं. म्हणाला, "माहीत नाही." नाही म्हणाला नाही.

९ एप्रिल

मुलाखत झाली. ऋचाच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून, मागे पडदा, पंखा बंद. वृद्धाश्रमाची मुख्य हेलन म्हणून बाई, साठीच्या आसपास, उन्हाने रापलेली. औषधं, पडणं, जखमा, विसरभोळेपणा, सगळं विचारून झालं. बरी उत्तरं दिली. मग, "तुम्हाला काही विचारायचंय?"

एजन्सीवाल्याने पढवलं होतं: गणवेशाबद्दल विचारा. मी मिठाबद्दल विचारलं. ती खुर्चीत पुढे सरकली. तिच्या भावाचं निम्मं शेत मिठाने गेलंय. आता परत झाडं लावतोय. पंधरा मिनिटं तेच.

मग आबांचा प्रश्न विचारला. आधी कोण होतं, आणि ते आता कुठे आहेत.

ती खुर्चीत मागे टेकली. वाटलं, गेली नोकरी.

म्हणाली, "मी इथेच जन्मले. शाळेत आम्हाला शिकवलं की इथे कोणीच नव्हतं. आणि सात नंबरच्या खोलीतल्या ज्या आजींना मी रोज आंघोळ घालते, त्यांची आजी आमच्या शेतातल्या झऱ्यावर जन्मली होती. हे मला पन्नाशीत कळलं. त्यांनीच सांगितलं."

शेवटी म्हणाली, "आमच्या वेबसाइटवर आहे तसं तुमच्या गावाचंही एक पान लिहून पाठवा. आमच्या लोकांना वाचून दाखवेन. त्यांना नवीन माणूस कुठून आलं ते कळायला हवं." नोकरी दिली की नाही ते नाहीच सांगितलं.

१७ एप्रिल

निवड झाली!! ऋचाने उड्या मारल्या. सु.ने पेढे आणले, हसून दिले, मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बरं वाटलं.

१९ एप्रिल, रविवार

आबांना पेढा दिला. खाल्ला. "उंचावर आहे ना घर?" उंचावर आहे, ऋचाने बघितलंय. "मग जा."

एवढंच. मला रडू आलं, त्यांना नाही.

मग ते पान लिहायला बसले, ओसरीवरच. आगाशी: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला विरार. तळं, देवळं, बाजार. केळी, भाजी, फुलं. पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. मग बिल्डर आले. सोपं जात होतं. मग लिहिलं, 'आमची वाडी', आणि सहज विचारलं, "आबा, आपल्या वाडीवर आधी कोण होतं?"

बैलाला पाणी दाखवून येतो म्हणाले. बैल विकून सहा वर्षं झाली.

२६ एप्रिल

आज स्वतःहून बोलले. मी काही विचारलं नव्हतं.

वाडीचा उत्तरेचा तुकडा, ओहोळाकडचा. तिथे काळूची झोपडी होती. काळू वारली आदिवासी. त्याच्या बापानेच तिथलं रान साफ केलेलं. कागद नव्हता. आबांच्या वडिलांनी कागद करून घेतला आणि काळूला सांगितलं, पाऊस संपला की हलव. "तो हलला. भांडला नाय. मी दहा वर्षांचा असेन. त्याची पोर जमनी माझ्याएवढी, आमी चिंचा पाडायचो. सकाळी गेलो तर झोपडी नाय, नुसती चूल. राख गरम होती."

"काळूचं आडनाव?"

"आमी कधी विचारलं नाय."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. याच तुकड्यावरच्या केळीवर मी नर्सिंग शिकले.

"लिही तुझ्या पानात," म्हणाले. "दारीगाववाल्यांना विचारलं ना आपन? मग आपलं नाय लिहायचं?"

२ मे

पान लिहून झालं. काळू आहे, चूल आहे. आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "थांब. पाठवू नको. जमनी असली तर तिला विचारलं पायजे. तिच्या बापाचं नाव आहे." मी म्हटलं साठ-पासष्ट वर्षं झाली. "मी आहे की अजून. ती का नसेल?"

त्यांनी बाजारात दोन-चार जुन्या माणसांकडे चौकशी केलीय. विरारच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा, ती तिथे असेल म्हणतात.

हट्ट कोणाकडून आलाय माझ्यात ते कळलं.

१० मे, रविवार

गेलो. मी, आबा आणि सु.! तो सकाळी आपणहून शर्ट घालून तयार. "म्हाताऱ्या माणसाला रिक्षात एकटं बसवणार का?" लग्नाला सतरा वर्षं झाली, हे दोघं पहिल्यांदा शेजारी बसले. उतरेपर्यंत आबा त्याला कोणत्या शेतात पूर्वी कुठला भात व्हायचा ते सांगत होते. तिथे आता इमारती आहेत. सु. प्रत्येक इमारतीकडे बघत होता.

पाड्यावर निम्म्या घरांना कुलूप. एक म्हातारा दारात बसला होता. आबांनी चपला काढल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसले.

"काळूची जमनी इथं असते का?"

त्याने विचारलं, "तुमी कोन?"

"आगाशीचा. ज्याच्या बापानं काळूला उठवलं, त्याचा मुलगा."

असं सांगतील असं मला वाटलं नव्हतं. म्हातारा ना रागावला ना काही. म्हणाला, जमनी आहे. तिचा मुलगा तिला वीटभट्टीवर घेऊन गेलाय, नातवंडं सांभाळायला. भिवंडीकडे, भट्टी कुठली ते ठाऊक नाही. पाऊस लागला की येतील. "काय सांगू तिला?"

आबा म्हणाले, "काय नको. मी येतो परत."

१४ मे

व्हिसा आला. तिकीट ८ जूनचं. सु.च्या शर्टाच्या खिशात मोटार ट्रेनिंग स्कूलचं कार्ड सापडलं, अवजड वाहनाचं लायसन्स. डॅरिगनला शाळेची बस चालवायला माणूस हवाय, हे मीच कधीतरी वाचून दाखवलं होतं. कार्ड परत ठेवलं. विचारलं नाही.

हेलनचा मेल: पान कधी पाठवताय? कळवलं, एका माणसाची परवानगी बाकी आहे. तिने उलट लिहिलं, वाट बघते.

२४ मे, रविवार

आगाशी. आबा आभाळाकडे बघत होते. "पाऊस जूनच्या दहा-बारापर्यंत लागेल. तुझं विमान पुढं ढकलता येतं का?"

"नाही, आबा."

"मग मी जाईन जमनीकडं. जावईबापू नेतील." सु.ने मान हलवली. "ती काय म्हनते ते तुला फोनवर नाय सांगनार. लिहून पाठवीन."

आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कोणाला पत्र लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

"आणि ती म्हणाली, नाव टाकू नका, तर?"

"तर तसं लिहीन."

"आणि म्हणाली, जमीन द्या, तर?"

सुनील माझ्याकडे बघायला लागला. आबा ओहोळाकडे तोंड करून उभे राहिले.

"मग तेपन लिहीन," म्हणाले. "आनि काय दिलं तेपन."