पायाळू माणसाची कंबर

३ जानेवारी, सकाळ
आजपासून कंबरदुखी बंद. दोन वर्षं लाड केले, बस झालं. कोहक्याच्या दवाखान्यातल्या फिजिओनं व्यायाम दिला, तो रोज करणार. झटक्यानं पाय उचलू नका म्हणाला. पण कोणाले सांगायचं नाही. मी पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून आलो. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत कोणाची कंबर भरली की ती बरी व्हायले माही लाथ लागते. त्याचीच कंबर दुखते म्हटलं त इज्जतीचा फालुदा!

५ जानेवारी
व्यायाम नाही. थंडी लय. गादी काढून फरशीवर झोपलो. बायको रश्मी म्हणे, उठसान कसे? उठलो नाही. तिनं उठवलं.

१० जानेवारी
कमरेचा पट्टा शर्टाच्या आत लावला. शेजारच्या निशाबाईनं विचारलं, असे ताठ कावून चालता? म्हटलं, योग करून राहिलो. व्यायाम सोमवारपासून.

१९ जानेवारी
यार्डातले धोंडबामामा आले. कपलिंग उचलता उचलता उसण भरली. उंबरठ्यात उपडे झोपले. पाय हळूच टेकवणार होतो, पण गल्लीतल्या बाया पाहून राहिल्या होत्या. म्हणून जोरात हाणली. कट्ट आवाज आला. मामा टुणकन उठले. त्यांच्या जागी मी.

२० जानेवारी
पडूनच. पण नाव झालं! गल्ली म्हणते, देवरावनं मामाचं दुखणं सोताच्या अंगावर घेतलं. मी नाही म्हटलं नाही. मोठेपणाले कायले नाही म्हणाव?

२२ जानेवारी
रश्मीनं नागपूरहून माह्या आईले बोलावलं. निशाबाईनं माही तारीफ केली. आई सगळ्यांसमोर म्हणे, हा कायचा पायाळू! पायाळू त कमलिनी, याची लहानी बहीण. पोरीनं मोठ्या माणसाले लाथ कशी मारायची, म्हणून याच्या बापानं याचं नाव पुढं केलं.
म्हातारीले आता काही आठवत नाही. बिचारी.

२४ जानेवारी
आईनं कमलिनीले दुर्गहून बोलावून घेतलं. अंगणात लोकांची रांग. धोंडबामामा सगळ्यात पुढं. मले न विचारता! मी आत, उपडा.
कमलिनी बाहेर बोलली की लाथेनं कंबर बरी होत नसते, डॉक्टरले दाखवा, रोज व्यायाम करा. लोक हिरमुसले न् घरी गेले.
ती आत आली. मी दार लावायले सांगितलं. म्हटलं, बाई, आता कोणी पाहून नाही राहिलं, मार एक.
तिनं चहा पेला न् दुर्गची लोकल पकडाले गेली.